समुद्रात राहिलेला खलाशी : महायुद्धात बोटीवरून परत न आलेल्या आपल्या माणसाची आठवण आणि शोध

कोकणातल्या मुस्लीम घरांत जुनी नाती मोजायला बसलं की एखादं नाव असं निघतंच, ज्याची कबर कुठेच नाही. "तो बोटीवर गेला, लढाई लागली, आलाच नाही." बस्स, एवढंच. कुठली बोट, कुठला समुद्र, कुठलं साल, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझ्या आजोळी असंच एक नाव आहे, नानीच्या थोरल्या भावाचं. नानी हयात होती तेव्हा मी तिच्याकडून त्याच्या आवडीनिवडी ऐकल्या, त्याने आणलेल्या चिनी मातीच्या बश्या पाहिल्या. पण बोटीचं नाव काय, हा एक प्रश्न विचारायचं राहून गेलं. आज शोधायला बसले की तिथेच अडते. वाचकांपैकी कुणाच्या घरी अजून विचारण्यासारखं माणूस असेल तर त्यांनी माझ्यासारखी चूक करू नये, म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहे.

हे खलाशी कोण होते?

ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर काम करणाऱ्या हिंदुस्थानी खलाशांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. शब्दाचं मूळ फारसी 'लश्कर'. मराठीत आपण फौजेला लष्कर म्हणतो, तोच हा शब्द. हे लोक मात्र सैनिक नव्हते. माल आणि प्रवासी वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवरचे ते कामगार होते. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार खलाशी होते, म्हणजे साधारण चार खलाशांमागे एक आपल्याकडचा.

कामाची वाटणी बरीचशी प्रांतावरून होत असे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकच्या कामाला रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक जास्त असत. इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्दीकडचे, कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेट-चितगावचे, आणि जेवणखाण व केबिनच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती.

जहाजावरची हुद्द्यांची नावंही आपल्याच ओळखीची. डेकवरच्या खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुखाणी, सामानाची कोठी सांभाळणारा कासब, स्वयंपाक करणारा भंडारी, भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, इंजिनाला तेल घालणारा तेलवाला. कोकणात सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावंही आहेत. जहाजावरच्या मिश्र बोलीला 'लष्करी बात' म्हणत. त्यात हिंदुस्तानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी असे सगळे शब्द मिसळलेले. थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली तिचा शब्दकोशही छापला होता.

नोकरीचे करार मात्र बरोबरीचे नव्हते. आपल्या खलाशांना वेगळ्या 'एशियाटिक' करारावर घेत. पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा. १८९४ च्या ब्रिटिश जहाज कायद्यात गोऱ्या खलाशाला झोपण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवली होती, लास्कराला ३६. १९३९ साली युद्ध सुरू झाल्याबरोबर ब्रिटनच्या बंदरांत आपल्या खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले. शेकडो लोकांना त्यापायी तुरुंगात जावं लागलं. पगार थोडा वाढला, आणि ते पुन्हा त्याच धोक्याच्या समुद्रात गेले.

किती जण गेले?

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी व्यापारी खलाशांपैकी सुमारे ६,६०० जण मरण पावल्याचा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत येतो. हजारावर जखमी झाले आणि १,२०० च्या आसपास शत्रूच्या कैदेत पडले. पहिल्या महायुद्धात साडेतीन हजारांच्या जवळपास गेले. ते गेले ते बहुतेक पाणबुडीच्या टॉर्पेडोने. आगवाले आणि तेलवाले जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली काम करत. टॉर्पेडो लागला की वर येण्याची संधी सगळ्यांत कमी त्यांनाच असे.

तीन बोटींची उदाहरणं बघू.

'पर्शिया' ही पी अँड ओ कंपनीची बोट लंडनहून मुंबईला येत होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. ५१९ पैकी ३४३ जण गेले. त्यांत मोठ्या संख्येने खलाशी आणि नोकरवर्ग आपल्याकडचा होता.

'सिटी ऑफ बनारस' १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये बुडाली. ब्रिटनमधून कॅनडाला सुरक्षित नेण्यात येणारी ९० मुलं तिच्यावर होती, त्यांतली ७७ गेली. या मुलांची आठवण ब्रिटनमध्ये आजही ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच बोटीवर १६६ लास्कर होते आणि त्यांतले १०१ गेले, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरी 'तिलावा', आणि ती तर मुंबईहूनच सुटलेली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, मापुतो, दरबानकडे निघाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला, काही वेळाने दुसरा. बोटीवर ९५८ माणसं होती. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने बहुतेकांना वाचवलं आणि २७ तारखेला मुंबईत आणून उतरवलं. २८० जण गेले. त्यांत २५२ प्रवासी आणि २८ जहाजावरचे कर्मचारी.

चांदीचा हिशेब आणि माणसांचा हिशेब

तिलावाची गोष्ट इथे संपत नाही. तिच्यावर दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी नेली जाणारी सुमारे ६० टन चांदी होती. अडीच किलोमीटर खोल समुद्राच्या तळातून ती २०१७ साली एका कंपनीने बाहेर काढली. लगडी मोजल्या तर २,३६४ भरल्या. ती चांदी कुणाची यावर खटला चालला, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

चांदीचा मालक शोधण्यासाठी एवढी कागदपत्रं निघाली. बुडालेल्यांच्या नातेवाइकांना मात्र मुंबईत एकत्र बसून आपल्या माणसांची आठवण काढायला ८० वर्षं लागली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी बॅलार्ड इस्टेटला असा कार्यक्रम पहिल्यांदा झाला. तोही कुटुंबांनीच पुढाकार घेतला म्हणून.

वर्गात मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं पहिल्यांदा चांदीबद्दलच विचारतात. मग एखादी मुलगी विचारते, "मॅडम, त्या अठ्ठावीस जणांची नावं काय?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कुठे मिळतं ते खाली दिलं आहे.

त्यांची नावं कुठे नोंदलेली आहेत?

लंडनमध्ये टॉवर हिलला ब्रिटिश व्यापारी नौदलाचं मोठं स्मारक आहे. तिथे आपल्या लास्करांची नावं शोधू नका. त्यांची नोंद आपल्याच देशातल्या आणि शेजारच्या बंदरांत केलेली आहे.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथेच आहे. डोंगरी, पायधुणी, मस्जिद बंदर भागात राहणारे आपले किती लोक त्या इमारतीवरून रोज जात असतील, पण आत कुणाची नावं आहेत ते माहीत नसतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारकही याच ठिकाणी मानलं जातं. सुमारे सहा हजार व्यापारी खलाशी आणि त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० नौसैनिक यांची नावं भिंतीवर नसून पुस्तकात आहेत. तशीच नोंद बांगलादेशात चितगावच्या युद्ध दफनभूमीत ठेवलेली आहे. म्हणून यादीत आपल्या माणसापुढे 'मुंबई/चितगाव स्मारक' असं दिसलं तर गोंधळू नका.

कोलकात्यात प्रिन्सेप घाटाजवळ १९२४ साली उभारलेलं लास्कर स्मारक आहे. ते बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांचं आहे, आपल्या कोकणच्या लोकांचं नाही.

ही सगळी नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर घरबसल्या, एक पैसाही न देता शोधता येतात. नोंदीत नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख असते. काही नोंदींत वय, बापाचं नाव, गाव किंवा जिल्हाही सापडतो.

शोध कसा घ्यावा?

नाव टाकलं आणि माणूस सापडला, असं सहसा होत नाही. माझ्या नानीच्या भावाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव, दोन्ही कोकणात घरोघरी सापडणारी. यादीत तशी बरीच माणसं निघाली. त्यातला आपला कोण, हे बोटीच्या नावावाचून कळत नाही. अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी सांगते.

१. आडनावावर विसंबू नका. जहाजाच्या दफ्तरात खलाशाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहीत. 'कर' लावलेलं आडनाव बहुतेक वेळा गाळलेलं असे. यादीत बापाचं नावच आडनावाच्या रकान्यात बसलेलं दिसतं. म्हणून बापाच्या नावाने शोधा.

२. इंग्रजी स्पेलिंग सगळ्या प्रकारे करून बघा. लिहिणारा कारकून कानाला येईल तसं लिही. इब्राहिम आणि इस्माईल कधी 'आय'ने सुरू होतात तर कधी 'ई'ने. हुसेनला एक 'ओ', दोन 'ओ' किंवा 'यू'. शेख, महंमद, कासम, दाऊद यांचीही चार-चार रूपं. रत्नागिरीचं स्पेलिंगसुद्धा जुन्या कागदांत ओळखू येणार नाही असं असतं.

३. बोटीचं नाव कळलं तर अर्धं काम झालं. मग नावाऐवजी बोट आणि तारीख धरून शोधा. सारंग आपल्या गावचे, नात्यातले लोक कामाला घेत असे. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच गावातली, कधी एकाच मोहल्ल्यातली अनेक घरं उजाड होत. आपल्या माणसाच्या आगेमागे त्याच तारखेची, ओळखीची नावं दिसली तर शोध योग्य दिशेने चालला आहे असं समजा. ती नावं गावातल्या त्या-त्या घरांनाही कळवा.

४. घरातले कागद जपा. खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला आपल्याकडे 'नल्ली' म्हणतात. त्यात प्रत्येक बोटीचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेरा असतो. शेवटच्या सफरीची नल्ली बोटीबरोबर गेली असली तरी आधीची एखादी घरी राहिलेली असू शकते. मनीऑर्डरीच्या पावत्या, कंपनीचं पत्र, मुंबईच्या शिपिंग मास्टर कार्यालयाचा कागद, परदेशातून पाठवलेला फोटो, यांतलं काहीही टाकून देऊ नका. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरून बंदर कळतं.

५. घटना एकमेकींत मिसळू देऊ नका. बऱ्याच घरांत "बोट बुडाली त्यात गेला" एवढंच सांगतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' ही प्रवासी बोट होती, आणि युद्ध तोवर संपलं होतं. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट युद्धकाळातला, पण तो व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर झाला. आपला माणूस यांपैकी कशात होता, ते आधी ठरवा.

६. पुढचा टप्पा म्हणजे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार, लंडनजवळ क्यू इथे. बोटींच्या लॉगबुका, खलाशांचे करार आणि युद्धकाळात कुठली बोट कुठे होती याच्या नोंदी तिथे आहेत. तिकडे राहणारा कुणी नातेवाईक असेल तर बोटीचं नाव आणि साल देऊन त्याच्याकडून काम होऊ शकतं.

मागे राहिलेल्या बाईचं काय झालं?

खलाशाची आठवण काढताना त्याच्या बायकोला विसरू नये. युद्धात बोटींच्या बातम्या गुप्त ठेवत. कंपनीचं पत्र येईपर्यंत, आणि कधी आल्यानंतरही, तिला कळत नसे की आपण विधवा आहोत की नवरा कुठे कैदेत आहे. मय्यत नाही, त्यामुळे इद्दत कधी सुरू करायची हाही प्रश्न.

फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला 'मफकूद' म्हणतात. हनफी आणि शाफई मसलकांतल्या प्रचलित जुन्या मतानुसार मृत्यूची खात्री होईपर्यंत बाईला फार मोठा काळ थांबावं लागे. मालिकी मसलकात चार वर्षांची मुदत आहे. बायकांचे हाल पाहून हिंदुस्थानातल्या हनफी उलमांनीही या बाबतीत मालिकी मत स्वीकारण्याचा मार्ग मोकळा केला. मौलाना अशरफ अली थानवी यांचं 'अल-हीलतुन नाजिझा' हे पुस्तक त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पुढे १९३९ साली, युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, मुस्लीम विवाह-विच्छेद कायदा झाला. त्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाईला कोर्टातून निकाह फस्ख करून घेता येतो. हुकूम झाल्यावरही तो सहा महिने लागू होत नाही. त्या मुदतीत नवरा परतला आणि नांदवायला तयार असल्याची कोर्टाची खात्री पटली, तर हुकूम रद्द होतो. दावा करताना नवऱ्याच्या वारसांची नावं द्यावी लागतात, आणि त्याचा चुलता व भाऊ असतील तर त्यांनाही पक्षकार करावं लागतं.

मालमत्तेसाठी मुदत वेगळी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. आता आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही सात वर्षांची तरतूद कायम आहे. आजही आपली मुलं मर्चंट नेव्हीत आणि मासेमारी बोटींवर जातात, म्हणून घरात ही माहिती असावी. प्रत्यक्ष प्रसंग आला तर वकील आणि उलमा, दोघांनाही विचारावं.

कायदा होता, तरी त्याचा वापर किती बायकांनी केला असेल? कोर्ट तालुक्याला, कागद इंग्रजीत. माझ्या नानीच्या भावजयीने केला नाही. ती सासरीच राहिली, शेती बघितली, मुलगा वाढवला. नानी सांगायची की तिने हातातल्या काचेच्या बांगड्या फार उशिरा उतरवल्या. केव्हा उतरवल्या, कुणाच्या सांगण्यावरून, तेही मी विचारलं नाही.

आठवण कशी ठेवावी?

हदीसमध्ये पाण्यात बुडून मेलेल्याला शहिदांत गणलं आहे, हे आपण सगळे जाणतो. अनेक घरांना त्याचाच आधार होता. मय्यत समोर नसताना पढायच्या गायबाना नमाजे जनाजाबद्दल मसलकांत फरक आहे. शाफईंकडे ती जायज आहे, हनफींकडे नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, त्यामुळे कोकणातल्या मशिदीत ती पढता येत होती. पण त्यासाठीही मृत्यूची खात्री लागते, आणि बऱ्याच घरांकडे नेमकी तीच नव्हती. दुआ आणि ईसाले सवाबला मात्र तारीख, कबर, कागद कशाचीच अट नाही. ज्यांच्याकडे जशी पद्धत, तसं करावं.

दुनियेच्या बाजूने आपल्याला करता येण्यासारखं एक साधं काम आहे. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि एका कागदावर एवढं लिहून घ्या : खलाशाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव आणि मोहल्ला, हुद्दा, कंपनी, बोटीचं नाव, सारंग कोण होता, बरोबर गावातले आणखी कोण होते, शेवटचं पत्र कुठून आलं, खबर कुणी आणली. उत्तर अर्धवट असलं तरी लिहा. "बोटीच्या नावात 'सिटी' होतं" एवढं आठवलं तरी शोधायला उपयोग होतो. फोनवर आवाजही रेकॉर्ड करून ठेवा.

मग प्रत्येक गावच्या जमातीने एक वही करावी. कब्रस्तानची नोंद आपण ठेवतो, तशीच कब्रस्तानात न आलेल्यांचीही ठेवावी. शाळांना हा उपक्रम सहज करता येईल. ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो, त्या दिवशी मुलांनी गावातली ही नावं वाचून दाखवावीत.

तिलावाच्या चांदीची एक लगडही मोजायची राहिली नाही. माणसांच्या बाबतीत ते काम आपल्यालाच करायचं आहे, आणि सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. या आठवड्यात एकदा घरच्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. त्यांना बोटीचं नाव विचारा.

अल्लाह समुद्रात राहिलेल्या सर्व मरहूमांची मगफिरत करो. आमीन.